संशोधक-विद्यार्थ्यांचे प्रशिक्षण

संशोधक-विद्यार्थ्यांचे प्रशिक्षण : डॉक्टरेट किंवा तत्सम संशोधनपदवीसाठी अध्ययन करणाऱ्या विद्यार्थ्यास संशोधनाची पद्धती, साधनांचा वापर, शास्त्रीय लेखन, अध्यापन आणि पुढील व्यवसाय यांस आवश्यक असणारी कौशल्ये देण्याची संघटित व्यवस्था. पीएच्.डी. ही पदवी प्रबंधावर दिली जाते. तथापि प्रबंध लिहिण्यास समर्थ असा अभ्यासक कसा घडतो, हा प्रश्न पदवीच्या नियमांत दीर्घकाळ अनुत्तरित राहिला. काही विद्यापीठांनी हे काम संस्थेचे मानले, तर काहींनी ते सर्वस्वी मार्गदर्शकावर सोपविले. पदवी हे एका ग्रंथाचे प्रमाणपत्र की एका व्यक्तीच्या तयारीचे, या दोन कल्पनांमधील ताणातूनच या प्रशिक्षणाचा इतिहास घडत गेला आहे.

मध्ययुगीन पार्श्वभूमी : ‘डॉक्टर’ हा शब्द ‘शिकविणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूवरून आला आहे. बोलोन्या, पॅरिस इ. मध्ययुगीन विद्यापीठांत डॉक्टर किंवा मॅजिस्टर ही पदवी म्हणजे मूलतः अध्यापनाचा परवाना होता. तो मिळविणाऱ्यास नवे ज्ञान निर्माण करावे लागत नसे. मान्य ग्रंथांवर व्याख्यान देता येणे आणि जाहीर वादसभेत एखादे प्रतिपाद्य प्रतिपक्षाच्या आक्षेपांपासून राखता येणे, ही त्याची कसोटी होती. पदवीधरांची ही व्यवस्था कारागिरांच्या श्रेणींशी मिळतीजुळती होती. उमेदवारी, सहायकपण आणि अखेरीस उस्तादपण, असा तिचा क्रम असे. म्हणजेच ही पदवी आरंभी व्यावसायिक स्वरूपाचीच होती. संशोधनाशी तिचा संबंध नंतर जुळला. या काळातील तोंडी वादाचा अवशेष प्रबंधाच्या मौखिक परीक्षेच्या रूपाने टिकून आहे.

जर्मन विद्यापीठे, सेमिनार आणि प्रयोगशाळा : संशोधन शिकविता येते, ही कल्पना अठराव्या शतकात जर्मन विद्यापीठांत रुजली. ‘सेमिनार’ या शब्दाचा मूळ लॅटिन अर्थ रोपवाटिका असा आहे. गटिंगेन विद्यापीठात योहान माटियास गेस्नर (१६९१–१७६१) याने भाषाशास्त्राचा सेमिनार स्थापन केला, तो माध्यमिक शाळांना ग्रीक व लॅटिनचे चांगले शिक्षक मिळावेत म्हणून. निवडक विद्यार्थ्यांस त्यात वेतन मिळे व त्यांनी प्राचीन संहितेचा अर्थ स्वतः लावून दाखवावा, अशी अपेक्षा असे. क्रिस्टिआन गोटलोप हाइन (१७२९–१८१२) याने गटिंगेन येथे आणि फ्रीड्रिख आउगुस्ट व्होल्फ (१७५९–१८२४) याने १७८७ पासून हाले येथे या वर्गांना संहिता-चिकित्सेच्या शाळेचे रूप दिले. शिक्षक घडविण्यासाठी काढलेल्या वर्गातून संशोधक घडू लागले, ही गोष्ट पुढील वादांच्या दृष्टीने लक्षणीय आहे.

व्हिल्हेल्म फोन हंबोल्ट (१७६७–१८३५) याच्या विचारांवर १८१० मध्ये उघडलेल्या बर्लिन विद्यापीठाने अध्यापन व संशोधन यांच्या ऐक्याचे तत्त्व स्वीकारले. प्राध्यापक विद्यार्थ्यासाठी नसून दोघेही ज्ञानासाठी आहेत, असा या तत्त्वाचा आशय होता. लेओपोल्ट फोन रांके (१७९५–१८८६) हा इतिहासकार आपल्या निवडक विद्यार्थ्यांस एकत्र बसवून मूळ कागदपत्रांची पारख करावयास लावीत असे. एकाने वाचलेल्या निबंधावर इतरांनी टीका करावयाची, अशी तेथील पद्धत होती. त्यामुळे विद्यार्थी केवळ गुरूच्या नव्हे, तर समवयस्कांच्या परीक्षणाखाली शिके.

निसर्गविज्ञानात हेच कार्य प्रयोगशाळेने केले. यूस्टुस फोन लीबिख (१८०३–७३) हा १८२४ मध्ये गीसेन येथे प्राध्यापक झाला. औषधे बनविणाऱ्यांस रसायनशास्त्र शिकविणारी संस्था विद्यापीठात काढण्याचा त्याचा प्रस्ताव विद्यापीठाने फेटाळला. औषधविक्रेते, साबण करणारे वा मद्य गाळणारे घडविणे हे विद्यापीठाचे काम नव्हे, असा आक्षेप होता. लीबिखला आपली संस्था १८२६ मध्ये खाजगी स्वरूपात सुरू करावी लागली. तीच पुढे युरोपातील रसायनशास्त्राची सर्वांत प्रसिद्ध शाळा ठरली. तेथे विद्यार्थी प्रथम ज्ञात पदार्थांचे, मग अज्ञात पदार्थांचे विश्लेषण करी आणि त्यानंतरच त्यास स्वतंत्र प्रश्न मिळे. दररोज सकाळी प्रत्येकाने आदल्या दिवशीच्या कामाचा वृत्तांत द्यावा व पुढे काय करणार ते सांगावे, असा परिपाठ होता. १८३१ मध्ये लीबिखने कार्बनी पदार्थांच्या विश्लेषणासाठी पाच फुगे असलेले काचेचे उपकरण तयार केले. पूर्वी जे विश्लेषण असामान्य हस्तकौशल्य असलेल्या मोजक्या रसायनज्ञांनाच साधे, ते या उपकरणामुळे सामान्य विद्यार्थ्यासही थोड्या सरावाने करता येऊ लागले. कौशल्य व्यक्तीच्या हातातून साधनात व साधनातून वर्गात उतरल्यामुळे संशोधकांची एक पिढीच एकत्र शिकविणे शक्य झाले.

या व्यवस्थेला दुसरी बाजूही होती. अनेक जर्मन विद्यापीठे शुल्क घेऊन, उमेदवार समक्ष हजर नसतानाही पदवी देत. इतिहासकार टेओडोर मोमझेन (१८१७–१९०३) याने १८७६ मध्ये अशा नामधारी डॉक्टरांवर जाहीर टीका केली. प्रबंध छापून प्रसिद्ध झाला पाहिजे, या अटीचा आग्रह अशा टीकेमुळे वाढला.

अमेरिकन संयुक्त संस्थाने : जर्मनीत शिकून परतलेल्या अमेरिकन तरुणांनी ही पद्धत स्वदेशी नेली, परंतु तिला त्यांनी वेगळा सांगाडा दिला. येल विद्यापीठाने १८६१ मध्ये अमेरिकेतील पहिल्या तीन पीएच्.डी. पदव्या दिल्या. १८७६ मध्ये बॉल्टिमोर येथे उघडलेल्या जॉन्स हॉपकिन्झ विद्यापीठाचा अध्यक्ष डॅन्येल कॉइट गिलमन (१८३१–१९०८) याने प्रत्येकी ५०० डॉलरच्या वीस अधिछात्रवृत्त्या ठेवून संशोधक-विद्यार्थ्यास विद्यापीठाच्या मध्यभागी आणले. इतिहासाचा प्राध्यापक हर्बर्ट बॅक्स्टर ॲडम्झ (१८५०–१९०१) याचा सेमिनार ग्रंथालयातच भरे. पुस्तके ही खनिजाच्या नमुन्यांप्रमाणे हाती घेऊन तपासण्याची वस्तू होय, अशी त्याची धारणा होती.

जर्मनीत विद्यार्थ्यास व्याख्याने निवडण्याचे व विद्यापीठ बदलण्याचे पूर्ण स्वातंत्र्य असे. अमेरिकेत पदवीपूर्व शिक्षणाची पातळी असमान असल्यामुळे प्रबंधापूर्वी दोनतीन वर्षांचा नेमका अभ्यासक्रम, त्यानंतर पात्रता-परीक्षा आणि मग प्रबंध अशी पायऱ्यापायऱ्यांची रचना झाली. तिची देखरेख एका प्राध्यापकाकडे न राहता ‘ग्रॅज्युएट स्कूल’ या स्वतंत्र विभागाकडे गेली. १९०० मध्ये चौदा विद्यापीठांनी मिळून स्थापन केलेल्या अमेरिकन विद्यापीठ संघाने पदव्यांची पातळी सारखी ठेवण्याचा प्रयत्न केला. पदवी ही नोकरीची अट होऊ लागताच तिच्यावर टीकाही झाली. तत्त्वज्ञ विल्यम जेम्स (१८४२–१९१०) याने १९०३ मध्ये पीएच्.डी.ला अष्टपादाची उपमा देऊन, शिक्षकाच्या खऱ्या योग्यतेऐवजी त्याच्या नावापुढील अक्षरांना संस्था भुलत आहेत, असा इशारा दिला.

अमेरिकन पद्धतीची व्याप्ती भीमराव रामजी आंबेडकर (१८९१–१९५६) यांच्या अध्ययनावरून ध्यानात येते. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथील तीन वर्षांत त्यांनी अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानवशास्त्राचे ४ व राज्यशास्त्राचे ३ अभ्यासक्रम घेतले. प्राथमिक फ्रेंच व जर्मन यांचा प्रत्येकी एक निराळाच. एका प्रबंधाच्या विषयास लागणाऱ्या तयारीहून ही तयारी कितीतरी विस्तृत होती, व त्यांच्या पुढील लेखनात ती सर्वत्र दिसते. प्रबंधाच्या छापील प्रती सादर करण्याच्या अटीमुळे त्यांना कोलंबियाची पीएच्.डी. प्रत्यक्ष मिळाली ती मात्र ग्रंथप्रकाशनानंतर, १९२७ मध्ये. तत्पूर्वी १९२३ मध्ये लंडन विद्यापीठाने त्यांना डी.एस्‌सी. दिली होती, तिचा भर मुख्यतः प्रबंधावर होता. महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे संपादक श्रीधर व्यंकटेश केतकर (१८८४–१९३७) हेही याच सुमारास अमेरिकेत, कॉर्नेल विद्यापीठात, पीएच्.डी. झाले होते.

ब्रिटन : ब्रिटिश विद्यापीठांनी पीएच्.डी. उशिरा स्वीकारली. तेथे डी.एस्‌सी. व डी.लिट्. या पदव्या प्रौढ विद्वानाच्या सिद्ध कार्यासाठी होत्या. पहिल्या महायुद्धात अमेरिकन विद्यार्थ्यांचा जर्मनीकडील ओघ थांबला. तो आपल्याकडे वळावा या हेतूने ऑक्सफर्डने १९१७ मध्ये डी.फिल्. सुरू केली. अन्य विद्यापीठांनी लवकरच तिचे अनुकरण केले. परंतु अमेरिकेतील अभ्यासक्रम आणि पात्रता-परीक्षा ब्रिटनने घेतल्या नाहीत. एक विद्यार्थी, एक मार्गदर्शक व एक प्रबंध अशी आटोपशीर रचना तेथे रूढ झाली. चांगल्या मार्गदर्शकाच्या हाताखाली ती फलदायी ठरे. तसा न लाभलेल्या विद्यार्थ्यास मात्र दाद मागण्यास जागा नसे. भारतातील विद्यापीठांनी हाच नमुना उचलला.

भारत : कलकत्ता, मुंबई व मद्रास येथील विद्यापीठे १८५७ मध्ये लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर स्थापन झाली. ती परीक्षा घेणारी होती. शिकविण्याचे काम संलग्न महाविद्यालयांचे होते. १९०४ च्या भारतीय विद्यापीठ अधिनियमाने त्यांना अध्यापन व संशोधन यांची मुभा दिली. आशुतोष मुखर्जी (१८६४–१९२४) यांनी कलकत्ता विद्यापीठात १९१७ मध्ये पदव्युत्तर अध्यापनाची पुनर्रचना केली. तथापि परीक्षक-विद्यापीठाची वृत्ती संशोधनपदवीतही उतरली. प्रबंध तपासण्यासाठी बाहेरील विद्वानांची नेमणूक काटेकोरपणे होई. प्रबंध लिहावयास शिकविण्याची तरतूद मात्र नियमांत नसे.

त्यामुळे या काळात भारतातील संशोधन-प्रशिक्षण विद्यापीठांच्या नियमावलीपेक्षा काही व्यक्ती व संस्था यांच्या भोवती वाढले. मुंबई विद्यापीठात १९१९ मध्ये पॅट्रिक गेडिस याच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या समाजशास्त्र विभागाची धुरा १९२४ मध्ये गोविंद सदाशिव घुर्ये (१८९३–१९८३) यांच्याकडे आली. त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांस देशाच्या निरनिराळ्या भागांत पाठवून जाती, जमाती, कुटुंबसंस्था इत्यादींवर प्रबंध लिहवून घेतले. त्यांचे विद्यार्थी म्हैसूर नरसिंहाचार श्रीनिवास (१९१६–९९) यांनी कूर्ग लोकांविषयी विपुल माहिती गोळा करून मुंबईची पीएच्.डी. मिळविली. नंतर ऑक्सफर्डमध्ये रॅडक्लिफ-ब्राउन व एव्हान्स-प्रिचर्ड या मानवशास्त्रज्ञांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी तीच सामग्री नव्या सैद्धांतिक दृष्टीने मांडली व १९४७ मध्ये डी.फिल्. घेतली. १९५२ मध्ये प्रसिद्ध झालेला कूर्गांच्या धर्मावरील त्यांचा ग्रंथ या दुसऱ्या मांडणीतून निघाला. सामग्री एक असूनही प्रशिक्षण बदलले की निष्कर्ष कसे बदलतात, याचे हे उदाहरण आहे. क्षेत्रात जाऊन माहिती जमविण्याची सवय त्यांना मुंबईत लागली, तर त्या माहितीस प्रश्न विचारण्याची रीत ऑक्सफर्डच्या चर्चांत.

पदवीशी संबंध नसलेले, पण तितकेच कसोशीचे प्रशिक्षण पुण्यात १९१७ मध्ये स्थापन झालेल्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात मिळे. महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे काम १९१९ मध्ये सुरू झाले व १९६६ मध्ये पूर्ण झाले. १९२५ मध्ये प्रमुख संपादक झालेले विष्णु सीताराम सुखठणकर (१८८७–१९४३) हे बर्लिन येथे हाइन्‍रिख ल्यूडर्स याच्या हाताखाली संहिता-चिकित्सा शिकले होते. निरनिराळ्या लिप्यांतील बाराशेंहून अधिक हस्तलिखिते या कामी पाहिली गेली. श्लोकातील प्रत्येक अक्षराचे पाठभेद स्वतंत्र तक्त्यावर उतरविण्याची शिस्त पाठ जुळविणाऱ्या शास्त्र्यांस व तरुण सहायकांस लावण्यात आली. हे काम पुण्याबाहेर शांतिनिकेतन व तंजावर येथेही चाले. गटिंगेन व हाले येथील सेमिनारची परंपरा अशा रीतीने बर्लिनमार्गे पुण्यात आली आणि पारंपरिक शास्त्राभ्यासाशी तिचा मेळ बसला. या कामात तयार झालेल्या अनेकांच्या नावापुढे कोणतीही संशोधनपदवी नव्हती.

१९३९ मध्ये डेक्कन कॉलेज पदव्युत्तर व संशोधन संस्थेच्या रूपाने पुन्हा उघडले. तेथे हसमुख धीरजलाल सांकलिया (१९०८–८९) यांनी पुरातत्त्वाचे शिक्षण उत्खननाच्या जागेवर नेले. ते स्वतः इंग्लंडमध्ये मेडन कॅसल येथील उत्खननात मॉर्टिमर व्हीलर याच्या पद्धतीशी परिचित झाले होते. १९५०–५१ मधील नाशिक व जोर्वे आणि १९५४–५६ मधील नेवासे येथील उत्खननांतून विद्यार्थी थर ओळखणे, मोजमापे घेणे, खापरांची वर्गवारी करणे व नकाशे काढणे ही कामे मातीत उभे राहून शिकले. याच संस्थेत इरावती कर्वे (१९०५–७०) यांनी मानवशास्त्र शिकविले. त्यांनी बर्लिनमध्ये डॉक्टरेट मिळविली होती. १९५४ नंतरच्या काळात रॉकफेलर प्रतिष्ठानच्या साहाय्याने या संस्थेने भाषाविज्ञानाचे हंगामी वर्ग भरविले. निरनिराळ्या विद्यापीठांतील तरुण अध्यापकांस व संशोधकांस आधुनिक भाषाविज्ञानाची तंत्रे त्यांतून प्रथम शिकावयास मिळाली. स्वतःच्या विद्यापीठात जे शिकविण्यास कोणी नाही, ते अनेक विद्यापीठांनी एकत्र येऊन शिकवावे, या कल्पनेचे भारतातील हे एक आरंभीचे उदाहरण होय.

प्रशिक्षण एका व्यक्तीच्या मर्जीवर अवलंबून राहिल्याने होणारी हानीही या काळात दिसते. कमला भागवत, पुढे कमला सोहोनी (मृ. १९९८), यांनी मुंबई विद्यापीठाची पदवी मिळवून १९३३ मध्ये बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश मागितला. त्या स्त्री असल्याच्या कारणावरून संचालक चंद्रशेखर वेंकट रामन यांनी तो प्रथम नाकारला. त्यांनी आग्रह धरल्यावर एक वर्ष परीविक्षेचे राहील, अशा अटींवर त्यांना प्रवेश मिळाला. त्यांचे काम पाहून पुढे संस्थेत विद्यार्थिनींना प्रवेश मिळू लागला. सोहोनी यांनी १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच्.डी. मिळविली, विज्ञानात ती मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री होत. जेथे प्रवेशाचे व प्रगतीचे निकष लिखित नसतात, तेथे विद्यार्थ्याचे भवितव्य एका माणसाच्या मतावर ठरते, हे या प्रसंगावरून स्पष्ट होते.

स्वातंत्र्योत्तर काळ : सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ शिक्षण आयोगाने (१९४८–४९) पीएच्.डी.चा विद्यार्थी केवळ संकुचित विशेषज्ञ होऊ नये, प्रबंधाबरोबरच त्याच्या संपूर्ण विषयाच्या ज्ञानाची मौखिक परीक्षेत पारख व्हावी, अशी शिफारस केली. कोठारी आयोगाने (१९६४–६६) संशोधक-विद्यार्थ्यास दुसरी एखादी जागतिक भाषा आवश्यक मानली. प्रत्यक्षात विद्यापीठांची व पदव्यांची संख्या वाढत गेली. प्रशिक्षणाची व्यवस्था त्या मानाने वाढली नाही. १९६९ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेने संशोधनपद्धतीच्या अल्पकालीन वर्गांना साहाय्य दिले. १९७० नंतरच्या काळात अनेक विद्यापीठांनी एम्.फिल्. ही मधली पायरी स्वीकारली. संशोधनाची पूर्वतयारी हा तिचा उद्देश होता. महाविद्यालयीन अध्यापकांच्या नेमणुका व बढत्या यांच्याशी संशोधनपदव्या जोडल्या गेल्यावर मात्र त्यांचे प्रशिक्षणमूल्य मागे पडून सेवामूल्य पुढे आले.

कौशल्य-प्रशिक्षणाची आधुनिक चळवळ : विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाश्चात्त्य देशांत डॉक्टरांची संख्या विद्यापीठांतील जागांपेक्षा अधिक झाली. प्रबंध पूर्ण होण्यास लागणारा काळ वाढला, व अनेकांनी तो अर्ध्यावर सोडला. ब्रिटनमध्ये १९६८ पासून विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने संशोधक-विद्यार्थ्यांसाठी निवासी वर्ग भरू लागले. उद्योगधंद्यांची ओळख, गटाने काम करणे व स्वतःच्या गुणांची जाण हे त्यांचे विषय होते. १९८० नंतरच्या दशकात सामाजिक शास्त्रांच्या संशोधन परिषदेने, ज्या संस्थांतील फार थोडे विद्यार्थी चार वर्षांत प्रबंध सादर करतात, त्यांच्या शिष्यवृत्त्या रोखण्याचे धोरण स्वीकारले. मार्गदर्शकाचे खाजगी काम मानली गेलेली गोष्ट त्यामुळे संस्थेची जबाबदारी ठरली.

२००१ मध्ये ब्रिटनमधील संशोधन परिषदांनी संयुक्त निवेदनाद्वारे संशोधक-विद्यार्थ्याच्या अपेक्षित कौशल्यांचे सात वर्ग सांगितले. संशोधनतंत्रे, संशोधनविषयक वातावरणाची जाण, संशोधनाचे व्यवस्थापन, वैयक्तिक कार्यक्षमता, संज्ञापन, सहकार्य आणि व्यवसायाचे नियोजन, असे हे वर्ग होत. २००२ मध्ये गॅरेथ रॉबर्ट्‌स (१९४०–२००७) यांच्या अहवालाने प्रत्येक संशोधक-विद्यार्थ्यास दरवर्षी किमान दोन आठवडे अन्यत्रही उपयोगी पडणाऱ्या कौशल्यांचे शिक्षण मिळावे, अशी शिफारस केली. त्यासाठी शासनाने दिलेला निधी वर्षाला सु. दोन कोटी पौंड इतका होता; हा स्वतंत्र निधी २०११ मध्ये बंद झाला. २००८ मध्ये स्थापन झालेल्या ‘व्हिटे’ या संस्थेने संशोधक-विकासाचा आराखडा तयार केला. त्यात चार क्षेत्रे, बारा उपक्षेत्रे व ६३ घटक होते.

इतर देशांतही असे प्रयत्न झाले. जर्मनीत १९९० पासून संशोधन प्रतिष्ठानाने एका विषयाभोवती विद्यार्थ्यांचे गट बांधणाऱ्या संशोधनशाळांना साहाय्य दिले. अमेरिकेत १९९३ मध्ये भावी अध्यापकांच्या तयारीचा कार्यक्रम सुरू झाला. यूरोपातील विद्यापीठांनी २००५ मध्ये झाल्ट्‌सबुर्ख येथे दहा तत्त्वे मान्य केली. मौलिक संशोधनातून ज्ञानाची वाढ करणे हाच डॉक्टरेट-प्रशिक्षणाचा गाभा होय, असे त्यांत प्रथमच नमूद आहे. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड विद्यापीठाने २००८ मध्ये तीन मिनिटांत सर्वसामान्य श्रोत्यांस आपला प्रबंध समजावून सांगण्याची स्पर्धा सुरू केली व तिचा अनेक देशांत प्रसार झाला.

या चळवळीवर आक्षेपही घेण्यात आले. कौशल्यांच्या याद्या विषयापासून तोडल्या, तर त्यांचे शिक्षण उपस्थितीपुरते उरते. लिहिणे, बोलणे वा वेळेचे नियोजन ही कौशल्ये इतिहासकाराला व रसायनज्ञाला एकाच वर्गात शिकविता येतात का, असा प्रश्न अनेक प्राध्यापकांनी उपस्थित केला. उद्योगांच्या गरजेनुसार विद्येला वळण दिले जात असल्याची तक्रार झाली. लीबिखच्या प्रस्तावावर गीसेन येथे घेतलेला आक्षेपही याच जातीचा होता.

भारतातील अलीकडील नियम : विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमांनी प्रवेशपरीक्षा आणि किमान एका सत्राचा पूर्वतयारीचा अभ्यासक्रम सर्व विद्यापीठांना आवश्यक केला, विद्यापीठांत तो ‘कोर्सवर्क’ या नावाने ओळखला जातो. संशोधनपद्धती, संख्याशास्त्रीय पद्धती व संगणकाचा वापर यांचा त्यात समावेश होता. अमेरिकेत सु. शंभर वर्षांपूर्वी रुळलेली पायरी अशा रीतीने भारतात आली. प्रबंध सादर करण्यापूर्वी एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला पाहिजे, ही याच विनियमांतील अट लेखनाच्या शिक्षणास पोषक ठरावी अशी अपेक्षा होती. पण पैसे घेऊन कोणताही लेख छापणाऱ्या नियतकालिकांना तिच्यामुळे ग्राहक मिळाले, अशी टीका झाली. २०१८ मध्ये वाङ्‌मयचौर्य रोखण्याविषयीचे विनियम निघाले, व २०१९ मध्ये संशोधन व प्रकाशन यांच्या नीतीचा दोन श्रेयांकांचा अभ्यासक्रम सक्तीचा करण्यात आला.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने एम्.फिल्. बंद करण्याची व पीएच्.डी.च्या विद्यार्थ्यास अध्यापनाचे शिक्षण देण्याची दिशा दाखविली. २०२२ च्या विनियमांनी अभ्यासक्रम किमान बारा श्रेयांकांचा ठेवला, प्रत्येक शाखेच्या विद्यार्थ्यास अध्यापन व लेखन यांचे प्रशिक्षण आवश्यक केले, आठवड्यास चार ते सहा तास अध्यापन-साहाय्याचे काम देण्याची तरतूद केली आणि शोधनिबंध प्रसिद्ध करण्याची सक्ती काढून टाकली. एका वेळी प्राध्यापकाकडे आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा व सहायक प्राध्यापकाकडे चार विद्यार्थी, अशी कमाल मर्यादा त्यांनी ठेवली. मूळच्या अध्यापन-परवान्याकडे ही पदवी काही अंशी परतली, असे या तरतुदींवरून म्हणता येईल.

समालोचन : संशोधन शिकविण्याच्या यशस्वी पद्धतींत काही गोष्टी समान आढळतात. गटिंगेनचा सेमिनार, गीसेनची प्रयोगशाळा, पुण्यातील पाठ जुळविणाऱ्यांचा कक्ष व नेवाशाचे उत्खनन या सर्वांत विद्यार्थी खऱ्या प्रश्नावर काम करीत होता, इतरांच्या देखत करीत होता, आणि त्याच्या कामातील चूक दुसऱ्या दिवशी दाखविली जात होती. त्यांपैकी पहिल्या दोन शिक्षक व औषधे बनविणारे घडविण्यासाठी निघाल्या होत्या. व्यवसायाची तयारी व ज्ञानाची साधना यांतील विरोध मानला जातो तेवढा खरा नाही, असे यावरून दिसते. ज्या प्रशिक्षणात यांपैकी काहीच नसते, ते नियमांनी आवश्यक केले, तरी विद्यार्थ्याच्या हाती प्रमाणपत्राखेरीज थोडेच लागते.

नियमांची आवश्यकता मात्र त्यामुळे कमी होत नाही. उत्तम गुरू लाभलेल्यास नियम नसले तरी चालते; ते लागतात ज्यास तो लाभला नाही त्यास. दूरच्या महाविद्यालयातून आलेला, घरातील पहिलाच पदवीधर असलेला विद्यार्थी ग्रंथालय कसे वापरावे, शोधनिबंध कसा लिहावा, मतभेद कसा मांडावा, या गोष्टी कुटुंबातून वा ओळखीतून शिकू शकत नाही. त्याच्या बाबतीत संघटित प्रशिक्षण ही समान संधीची अट ठरते. कोलंबियाने तीन वर्षांत आपल्या एका विद्यार्थ्यास जी विस्तृत तयारी करू दिली, ती त्यास स्वदेशातील तत्कालीन परीक्षक-विद्यापीठांत मिळणे शक्य नव्हते. संशोधक-विद्यार्थ्यांच्या प्रशिक्षणाचे महत्त्व प्रबंधांच्या संख्येपेक्षा या गोष्टीवरून अधिक चांगले मोजता येते.